'करून टाका एकदाचं' म्हणणारी मुलगी

पत्र थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगी 16 वर्षांची, अकरावी सायन्सला. उंची 158 सेंटिमीटर, वजन 112 किलो. पीसीओडी (पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास) आहे, गेल्या वर्षी टाईप 2 मधुमेह निघाला, रात्री जोरात घोरते आणि श्वास अडकून दचकून उठते. तीन आहारतज्ज्ञ झाले, दोन जिम झाल्या, काढ्यांचा एक कोर्स झाला. दरवेळी आठ-दहा किलो उतरले आणि वर्षभरात परत चढले. दहावीच्या गॅदरिंगला तिला नाचाच्या ग्रुपमधून वगळलं, तेव्हापासून ती घराबाहेर पडेनाशी झाली. सर्जननी वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं स्लीव्ह ऑपरेशन सुचवलंय. आईला वाटतं, वजन गेलं की पोर पुन्हा हसायला लागेल. वडील म्हणतात, मनावर घेतलं तर ऑपरेशनची गरज काय. आजी म्हणतात, करायचंच असेल तर अपेंडिक्सचं म्हणून सांगा, पुढे लग्नाच्या वेळी भानगड नको. पुढच्या महिन्यात हॉस्पिटलच्या काउन्सेलरची भेट आहे. मुलगी रात्री चोरून खाते, गादीखाली फरसाणची रिकामी पाकिटं सापडतात. हे काउन्सेलरला सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील का, ही आईची सगळ्यात मोठी धास्ती आहे.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि तुमच्या लेकीची स्वतःची वाक्यं अधोरेखित केली. चार पानांत दोनच सापडली. एक, 'करून टाका एकदाचं.' आणि दुसरं तिसऱ्या पानाच्या तळाशी, तुम्ही जाता जाता लिहिलेलं: 'मी नसते तर तुमचे एवढे पैसे वाचले असते.'

आधी या दुसऱ्या वाक्याचं बघूया, ऑपरेशनचं नंतर. असं बोलणं कधी रागाच्या भरात येतं, कधी खूप आतून येतं, आणि बाहेरून ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणून आज रात्री किंवा उद्या, घरात गडबड नसताना तिच्या शेजारी बसा आणि सरळ विचारा, 'तुला कधी जगूच नये असं वाटतं का गं?' विचारल्यानं तो विचार पोराच्या डोक्यात शिरतो अशी आपल्याकडे भीती असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचाच मुलांना आधार वाटतो. ती हो म्हणाली, किंवा काही न बोलता रडायला लागली, तर पुढच्या महिन्याच्या भेटीची वाट बघू नका. तिला एकटी ठेवू नका, घरातली सगळी औषधं तुमच्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. तुम्ही स्वतः फोन करून 'मुलीशी कसं बोलू' एवढं विचारलंत तरी चालेल.

आता ऑपरेशन.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं बहुतेक घरांत ऐकू येतं. मनावर घेतलं असतं तर उतरलं असतं. पण तुमच्या पत्रातच त्याचं उत्तर आहे: तिनं तीनदा मनावर घेतलंय. तीनदा उतरवलंय. इतक्या वाढलेल्या वजनात अनुवंश असतो, हार्मोन्स असतात, आणि वजन उतरलं की शरीर भूक वाढवून ते परत मिळवायला बघतं. त्यात तिचा आळस शोधू नका. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, 45 च्या आसपास येतो, जोडीला मधुमेह आणि झोपेत अडकणारा श्वास. अशा मुलामुलींचा ऑपरेशनसाठी विचार 13 व्या वर्षापासून करावा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं जानेवारी 2023 मधल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. म्हणजे तुमचे सर्जन काही भलतंच सुचवत नाहीत.

पण मिस्टरांच्या विरोधात नुसता हट्ट नाही, भीतीही आहे, आणि ती भीती योग्य आहे. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात. तो परत जोडता येत नाही. 16 व्या वर्षी घेतलेला निर्णय 60 व्या वर्षीही तिच्या शरीरात असणार आहे. तेव्हा त्यांना गप्प करू नका, सर्जनसमोर बसवा आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

शरीराच्या बाजूनं हिशेब बराच स्पष्ट आहे. अमेरिकेत पाच केंद्रांवर 242 किशोरवयीन मुलामुलींचा वजन उतरवण्याच्या ऑपरेशननंतर (काहींचं स्लीव्ह, बहुतेकांचं गॅस्ट्रिक बायपास) पाठपुरावा झाला. तीन वर्षांनी त्यांचं वजन सरासरी 27 टक्क्यांनी कमी होतं, आणि आधी टाईप 2 मधुमेह असलेल्यांपैकी 95 टक्के मुलांचा मधुमेह आटोक्याच्याही पलीकडे, म्हणजे नाहीसा झाल्यात जमा होता. त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा घटला होता आणि 13 टक्क्यांना पोटावर पुन्हा काही ना काही शस्त्रक्रिया लागली होती. दोन्ही बाजू माहीत असू द्या.

मला जास्त बोलायचंय ते तुमच्या एका वाक्याबद्दल. 'वजन गेलं की ती पूर्वीसारखी हसायला लागेल.' तुमच्या सगळ्या पत्राचा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, आणि तेच वाक्य सर्वांत कच्चं आहे.

स्वीडनमध्ये 2006 ते 2009 या काळात 13 ते 18 वयाच्या 81 मुलामुलींवर गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठर लहान करून अन्नाची वाट आतड्यात पुढे वळवण्याचं ऑपरेशन झालं. पाच वर्षांनी त्यांची पुन्हा नीट तपासणी झाली. वजन सरासरी 37 किलोंच्या आसपास उतरलेलं होतं. स्वतःबद्दलचं मत सुधारलं होतं, खाण्यावरचा ताबा सुटण्याचं प्रमाण कमी झालं होतं. पण एकूण मनःस्थितीत म्हणावा तसा फरक नव्हता. मानसिक आजारांसाठी औषधं आणि उपचार लागण्याचं प्रमाण त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा ऑपरेशनआधीही जास्त होतं आणि नंतरही जास्तच राहिलं. अभ्यास करणाऱ्यांनी स्वच्छ लिहिलंय की ऑपरेशननं मन बरं होईल अशी आशा मुलांना दाखवू नये, आणि मानसिक आधार पुढे कित्येक वर्षं चालू ठेवावा.

असं का होतं, ते तुमच्या लेकीच्या बाबतीत बघा. तिचं बाहेर जाणं कधी थांबलं? वजन वाढल्यावर नाही. वजन तर तिसरी-चौथीपासून होतंच, असं तुम्हीच लिहिलंय, आणि तेव्हा ती गल्लीत लंगडी खेळायची. थांबलं ते गॅदरिंगनंतर. बाईंनी सगळ्यांसमोर 'तू कॉस्च्यूममध्ये बसणार नाहीस' म्हटलं आणि ग्रुपमधली एकही मैत्रीण तिच्या बाजूनं बोलली नाही, तेव्हा. जखम त्या दिवसाची आहे. पोटाचं ऑपरेशन करून ती भरेल म्हणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ऑपरेशन नको असं मी म्हणत नाही. त्या आगीसाठी वेगळा बंब लागेल, आणि तो आजच बोलवायचा आहे, किलो उतरण्याची वाट न बघता.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगी यायची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. ऑपरेशनला आठ महिने झाले होते, 30 किलो उतरले होते, घरचे खूश होते. ती हळदीकुंकवाला गेली आणि तिथे प्रत्येक बाईनं कौतुक केलं. 'अगं ओळखलंच नाही! आता कशी छान दिसतेस!' घरी येऊन ती बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडली. मला म्हणाली, 'मग आधी मी कोण होते? आधी कुणी मला बघत पण नव्हतं का?' दंडावरची सैल कातडी लपवायला ती भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे ड्रेस घालायची. केस गळत होते. असे केस ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुष्कळांचे गळतात आणि बहुधा परत येतात, पण तिला ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, एक बिघडलेलं शरीर जाऊन दुसरं बिघडलेलं शरीर आलं. तिचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. तिचं मन मात्र कुणी तयार केलेलं नव्हतं.

म्हणून त्या काउन्सेलरच्या भेटीकडे कसं बघायचं, ते सांगते.

तुम्ही ती भेट मुलगी बघायला येणाऱ्यांसारखी समजताय. चहा नीट द्यायचा, नको ते बोलायचं नाही, पसंती मिळवायची. ती भेट तशी नसते. तिथली बाई किंवा बुवा बघतात ते असं: या मुलीला ऑपरेशन म्हणजे काय ते कळलंय का, नंतरच्या आयुष्याची तिची कल्पना काय आहे, ती खाते कशी आणि कधी, मन कसं आहे, घरात तिला सांभाळून घेणारं कोण आहे. गंभीर मानसिक आजारावर उपचार सुरू नसतील, व्यसन असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार चालू असतील, तर ऑपरेशन पुढे ढकलतात आणि ढकलायलाच हवं. रात्री चोरून खाणं मात्र त्यांच्यासाठी नवं नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांचं ते असतं.

ते लपवलंत तर काय होईल? ऑपरेशननंतर जठर एका छोट्या वाटीएवढं उरतं. पहिले काही आठवडे नुसतं पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असं करत करत साध्या जेवणावर यायचं असतं. अशा पोटात रात्री दोन वाजता ताबा सुटून फरसाण गेलं तर कळा येतील, उलट्या होतील. आणि तिला ते सांगताही येणार नाही, कारण 'हे सांगायचं नसतं' हे तुम्हीच तिला शिकवलेलं असेल. शिवाय पोट लहान झालं तरी थोडं थोडं सतत खात राहता येतं आणि वजन परत चढू शकतं. मग सगळं घर म्हणेल, एवढं ऑपरेशन करूनही हिला जमलं नाही. ते ओझं आत्ताच्या 112 किलोंपेक्षा जड असेल.

ताबा सुटून खाणं हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्यासाठी ऑपरेशन तीन-चार महिने पुढे गेलं तर जाऊ द्या. तोवर मधुमेहाची औषधं चालू ठेवा, झोपेची तपासणी करून घ्या, श्वासासाठी मशीन लागत असेल तर तेही सुरू करा. वजन कमी करणाऱ्या नव्या औषधांबद्दलही हार्मोनच्या डॉक्टरांना विचारून बघा. त्यातल्या सेमाग्लुटाइडला अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये 12 वर्षांपुढच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. तुमच्या मुलीला ते योग्य आहे की नाही हे डॉक्टरच सांगतील. आणि ती पाकिटं. पुन्हा सापडली तर ओरडू नका, सगळ्यांसमोर बाहेर काढू नका. 'रात्री भूक लागते की काहीतरी सलतं?' एवढंच एकदा विचारा. दिवसा सगळ्यांसमोर पोटभर जेवायची तिला लाज वाटत असेल, तर रात्रीचं खाणं तिथूनच सुरू होतं. तिच्या ताटाकडे घरातले किती डोळे लागलेले असतात, ते चार दिवस नुसतं मोजून बघा.

पैशाचं बोलायला हवं, कारण तिचं ते वाक्य पैशाचंच होतं. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांच्या मेडिक्लेममधून होईल. पॉलिसी आधी नीट वाचून घ्या. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार लठ्ठपणाच्या ऑपरेशनला संरक्षण मिळण्यासाठी रुग्ण 18 वर्षं पूर्ण असावा लागतो आणि बीएमआय व आजारांच्या अटीही पुऱ्या व्हाव्या लागतात. म्हणजे आत्ता केलंत तर बहुधा सगळा खर्च खिशातून जाईल, आणि तो काही लाखांत असतो. थांबायचं की नाही हे फक्त पैशावर ठरवू नका, तिची शुगर आणि तिचा श्वास काय म्हणतो त्यावर डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण कर्ज काढून केलंत, तर त्याचा हप्ता किती, कुणाकडून पैसे घेतले, ही बोलणी तिच्या कानावर पडू देऊ नका. 'तुझ्यासाठी एवढं केलं' हे वाक्य या घरात कधीही उच्चारायचं नाही, असं तुम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवा.

सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांनी जग बघितलंय आणि नातीला बोलणी बसू नयेत एवढाच त्यांचा हेतू आहे. तरी अपेंडिक्सचं खोटं सांगू नका. खाजगी ठेवणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. अपेंडिक्स काढलेला माणूस महिन्याभरात पंगतीत बसून जिलेबी खातो. तुमची मुलगी प्रत्येक लग्नात, प्रत्येक सणाला चार घासांवर थांबणार आहे. पानात टाकू नये हे आपल्याकडे लहानपणापासून बिंबवतात, आणि वाढणारीला 'पुरे' ऐकू येत नाही. दरवेळी त्या आग्रहाला तोंड देत नवं खोटं रचायचं, ही शिक्षा तिला कशाला? आपल्या शरीराची गोष्ट लाजिरवाणी आहे, हेही त्यातून ती शिकेल. कुणाला किती सांगायचं ते तिला ठरवू द्या. 'पोटाचं ऑपरेशन झालंय, थोडं थोडंच खायचं असतं,' हे वाक्य खरं आहे आणि पुरेसंही. मावश्या-आत्यांना तेच सांगा, आणि ताटात दुसरी पोळी पडायच्या आत तुम्ही हात आडवा घाला. कॉलेजमधली एखादी मैत्रीण आणि पुढे हॉस्टेलची रेक्टर यांना मात्र पूर्ण माहिती हवी.

हॉस्टेलवरून आठवलं. बारावीनंतर ती बाहेरगावी शिकायला जाईल असं तुम्ही म्हणता. बी12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या तिला आयुष्यभर लागणार आहेत आणि ठरावीक काळानं रक्त तपासावं लागणार आहे. त्या स्वीडनच्या मुलांमध्ये पाच वर्षांनी 72 टक्क्यांत कसली ना कसली कमतरता सापडली. याचं एक मोठं कारण मला माझ्या कामात दिसतं ते असं: या वयात बरं वाटायला लागलं की गोळ्या बंद होतात. पाळीतून रक्त जाणाऱ्या मुलीला लोहाचं अधिकच जपावं लागतं. तेव्हा आत्ता ज्या तिच्या मधुमेहाच्या गोळ्या आहेत, त्या तुम्ही पुढ्यात नेऊन ठेवणं थांबवा. तिला एक डबी द्या, मोबाइलला अलार्म लावू द्या, आणि तीन महिने ती एकटीनं सांभाळते का ते बघा. ती किती तयार आहे ते यातून तुम्हाला कळेल आणि तिलाही. दारूबद्दलही तिच्याशी मोकळं बोला, आमच्या घरात हा विषय नाही म्हणून सोडू नका. या ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते. होणाऱ्या डॉक्टर-इंजिनिअर पोरांच्या पार्ट्यांत हे तिला दुसरं कुणी सांगणार नाही.

हॉस्पिटलला तुम्हीही तीन प्रश्न विचारा. 18 च्या आतल्या किती मुलांची ऑपरेशनं इथे झाली आहेत? तुमच्या टीममध्ये बालरोगतज्ज्ञ आहेत का? ऑपरेशननंतर मानसशास्त्रज्ञ तिला किती वेळा भेटतील आणि किती वर्षं? 'गरज लागली तर या' असं उत्तर आलं तर ते पुरेसं नाही. गरज लागलेलं मूल स्वतःहून येत नाही. तारखा ठरवून घ्या, आणि शक्य असेल तर तुमच्या जवळच्या गावात तिला दर पंधरा दिवसांनी भेटेल असं कुणीतरी आत्तापासून शोधा. ऑपरेशन झालं तरी, आणि शेवटी नाही करायचं ठरलं तरीही.

आता 'करून टाका एकदाचं' या वाक्याकडे येते. तुम्ही ते होकार म्हणून लिहिलंय. मला त्यात थकवा ऐकू येतो. 18 च्या आत आहे म्हणून सही तुमची लागेल, पण शरीर तिचं आहे. तिला विचारा, ऑपरेशन झाल्यावर वर्षभरानं तुझा एक दिवस कसा असेल असं वाटतं? 'गुडघे दुखणार नाहीत, जिना चढता येईल, इन्सुलिन टळेल' असं काही आलं तर ती शरीराचा विचार करतेय. 'सगळे माझ्याशी बोलतील' असं आलं तर तिथे थांबा. ते ऑपरेशन देऊ शकत नाही, आणि ते तिला आजच मिळायला हवं.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे: गेल्या दोन दिवाळ्यांना तिला ड्रेस घेतला नाही, बारीक झाल्यावर घेऊ म्हणून. ती भावाचे टी-शर्ट आणि एकच काळी पँट घालते. ताई, या आठवड्यात तिला शिंप्याकडे न्या. आत्ताच्या मापाचा, तिच्या आवडीच्या रंगाचा ड्रेस शिवा. माप घेताना 'पुढे आत घेता येईल असा ठेवा हो' असं शिंप्याला सांगू नका. घरातला वजनकाटा महिनाभर माळ्यावर टाका. वजन डॉक्टरांकडे होईल तेवढं पुरे. बारीक झाल्यावर म्हणून आणखी काय काय राखून ठेवलंय ते आठवा: पोहणं असेल, मावशीकडे जाणं असेल, नाच असेल. त्यातलं निदान एक तिला आता परत द्या.

आणि काउन्सेलरच्या भेटीला जाल तेव्हा आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत रात्रीच्या खाण्याचं आणि 'मी नसते तर' या वाक्याचं सांगा, तिच्यादेखत, तिला आधी कल्पना देऊन. मग उठा आणि बाहेर बाकावर येऊन बसा. तिला एकटीला बोलू द्या. बाहेर आल्यावर 'काय विचारलं गं' म्हणून विचारू नका. भूक लागली का तेवढं विचारा.